जुळ्या मुली एकसारख्या, मग रक्तातील प्रथिनांचे आकडे इतके वेगळे का?

नौपाडावासी:

नमस्कार. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. गेल्या जानेवारीत माझ्या यजमानांना वयाच्या ४७व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. तंबाखू नाही, मधुमेह नाही, वजन बेताचे आणि रोज पहाटे मासुंदा तलावाला फेऱ्या मारण्याचा कित्येक वर्षांचा नेम, त्यामुळे आम्हा सर्वांना हा धक्काच होता. आता ते बरे आहेत. कारण शोधताना डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए हे रक्तातील प्रथिन मोजायला सांगितले आणि ते ९६ आले. ५०च्या वर असेल तर ते जास्त समजतात आणि ते बहुतांशी आईवडिलांकडून येते, म्हणून घरातील प्रत्येकाचे एकदा तपासून घ्या, असा सल्ला मिळाला.

त्याप्रमाणे सगळ्यांचे रक्त दिले. माझे ९ आले आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे १४. आमच्या मुली जुळ्या आहेत, वय १९. सात मिनिटांनी थोरली असलेली येथेच महाविद्यालयात शिकते. तिचे ८८ आले. धाकटी पुण्यात वसतिगृहात राहते. तिने तिकडच्याच एका प्रयोगशाळेत तपासणी केली आणि तिचे आले २०४! त्याच वेळी अतिसंवेदनशील चाचणीने दोघींचे, शरीरातील सूज दाखवणारे, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनही पाहिले होते. थोरलीचे ०.६ आणि धाकटीचे ५.८, म्हणजे जवळजवळ दहापट.

दोघी दिसायला इतक्या सारख्या आहेत की थोरलीच्या डाव्या कानामागचा तीळ पाहिल्याशिवाय त्यांच्या आजीला अजूनही खात्री वाटत नाही. रक्तगट दोघींचा ओ पॉझिटिव्ह. मात्र बाळंतपणाच्या वेळी मला सांगण्यात आले होते की गर्भाला पोसणारी वार एक नसून वारा दोन होत्या, त्या अर्थी मुली एकाच बीजातून झालेल्या नाहीत. मग त्यांची जनुके एकच आहेत की नाहीत? एकच असतील तर आकड्यांत एवढी तफावत कशी, आणि आईवडील तेच असताना मुलाचे प्रमाण इतके कमी का? धाकटीला वसतिगृहाच्या खानावळीतील तेलकट जेवणाने हे झाले असेल काय, या विचाराने मला झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

जुनी प्रयोगशाळा:

ताई, मी वाशीत राहतो आणि एकतीस वर्षे रक्ततपासणीच्या कामात होतो. आपल्या प्रश्नाच्या जनुकीय बाजूबद्दल अधिक जाणणारे लोक येथे आहेत, परंतु त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि आकड्यापुढे लहान अक्षरांत छापलेले एकक वाचा. लायपोप्रोटीन-ए काही प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तर काही नॅनोमोल प्रति लिटरमध्ये. पहिले वजन आहे आणि दुसरी कणांची संख्या. तांदूळ एकाने किलोत मोजला आणि दुसऱ्याने दाणे मोजले, तर आकडे जुळणार कसे? शिवाय या प्रथिनाचा कण माणसागणिक लहानमोठा असतो, त्यामुळे एका एककातून दुसऱ्यात जाण्यासाठी एकच पक्का गुणक नाही. ढोबळमानाने मिलिग्रॅमच्या आकड्याच्या दोन ते अडीच पटीच्या आसपास नॅनोमोलचा आकडा येतो. ८८च्या दृष्टीने २०४ हा आकडा मला वाढलेला न वाटता ओळखीचा वाटतो, म्हणून विचारले.

सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनची गोष्ट निराळी आहे. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि शरीरात कोठेही सूज किंवा जंतुसंसर्ग झाला की काही तासांत वाढू लागते, दोन दिवसांत शिखर गाठते आणि कारण संपले की साधारण एकोणीस तासांना निम्मे या गतीने उतरते. गंभीर संसर्गात ते शेकडो पटींनी वाढलेले मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा ५.८ हा आकडा धाकटीची प्रकृती सांगत नाही. तो त्या आठवड्यात तिला काय झाले होते ते सांगतो. सर्दी, खोकला, दाढेची ठणक, पायाला झालेली जखम, यांपैकी काही होते का ते तिला विचारा. आणखी एक विचारायला संकोच करू नका: पाळीच्या तक्रारीसाठी ती संप्रेरकांच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांतील इस्ट्रोजेननेही हे प्रथिन वाढते.

एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन (रक्तातील मुख्य प्रथिन) पाहणार असाल तर नमुना घेण्याची रीतही महत्त्वाची असते. माणूस बराच वेळ उभा असला की रक्तातील पाण्याचा अंश वाहिन्यांबाहेर उतरतो आणि राहिलेली प्रथिने दाट होतात. शीर सापडत नाही म्हणून दंडाला बांधलेला पट्टा दोन-तीन मिनिटे तसाच ठेवला तरी हेच होते. फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनासाठीची निळ्या टोपणाची नळी रेघेपर्यंत भरली नाही, तर आतील सायट्रेटचे, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण बिघडते आणि आकडा चुकतो. सकाळच्या गर्दीत, रांग दारापर्यंत गेलेली असताना, या गोष्टी सांभाळणे किती कठीण असते ते मला ठाऊक आहे. या कारणांनी पाच-दहा टक्क्यांचा फरक पडतो, दहापटीचा पडत नाही. परंतु जुळ्यांची तुलना करताना पाच-दहा टक्केसुद्धा दिशाभूल करू शकतात.

नौपाडावासी:

काका, आपले उपकार कसे मानू? लेकीकडून रिपोर्टचा फोटो मागवला आणि मोठा करून पाहिला. आकडा ठळक आहे आणि त्याच्या उजवीकडे, फिक्या राखाडी अक्षरांत, ‘नॅनोमोल प्रति लिटर’ असे लिहिले आहे. ठाण्याच्या रिपोर्टवर मिलिग्रॅम आहे. तीन आठवडे मी त्या एका आकड्याने हवालदिल झाले होते. तिला विचारले तेव्हा कळले की त्या दिवसांत तिची अक्कलदाढ येत होती, हिरडी सुजली होती आणि ती गरम पाण्याच्या गुळण्या करून दिवस काढत होती. आम्हाला काळजी नको म्हणून तिने घरी सांगितलेच नव्हते. गोळ्या वगैरे ती काही घेत नाही.

आता राहिला प्रश्न मुलाचा आणि त्या दोन वारांचा.

सानपाड्याचा मास्तर:

मी जीवशास्त्र शिकवतो आणि जुळ्यांवरील संशोधन हा माझ्या विशेष आवडीचा विषय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी वारेविषयी. दोन वारा म्हणजे द्विबीज, अर्थात दोन वेगळ्या बीजांतून झालेली जुळी, हे आपल्याकडे प्रसूतिगृहात सर्रास सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. द्विबीज जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते हे खरे, परंतु एकबीज जुळ्यांपैकीही सुमारे एक तृतीयांश जुळ्यांना दोन वारा असतात. फलित बीज पहिल्या तीन दिवसांच्या आत दुभंगले तर दोन्ही भाग आपापली वार तयार करतात. त्यानंतर दुभंगले तर वार एकच राहते. म्हणून वार खरोखरच एक असली, दोन वारा चिकटून एक भासत नसल्या, तर मुले एकबीज, असे जवळजवळ निश्चित म्हणता येते. दोन असल्या तर काहीच निश्चित म्हणता येत नाही. रक्तगटाचेही तसेच. गट वेगळे आले असते तर मुली द्विबीज हे सिद्ध झाले असते, पण एकच आल्याने एकबीज असल्याचे सिद्ध होत नाही. खरा निकाल गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनएच्या खुणा जुळवून लागतो.

आता लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी १९६३ साली ते शोधून काढले. एलडीएल, म्हणजे वाईट समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलसारख्या एका कणाला एक लांबलचक प्रथिन जोडलेले असते आणि ते बनवण्याचा आराखडा सहाव्या गुणसूत्रावरील एलपीए या जनुकात असतो. या प्रथिनात क्रिंगल नावाची वळी एकापुढे एक येतात. क्रिंगल हा स्कँडिनेव्हियातील एक पदार्थ आहे. आपण त्याला बेलाशक कडबोळे म्हणावे, कारण आकार नेमका तसाच आहे. त्यांपैकी एका प्रकारच्या कडबोळ्यांची संख्या माणसागणिक बदलते. कोणाच्या जनुकात ती मोजकी असतात, तर कोणाच्या जनुकात चाळीसच्या घरात जातात. संख्या कमी असेल तर प्रथिन आखूड होते, यकृताला ते तयार करून रक्तात सोडणे सोपे जाते आणि प्रमाण वाढते. संख्या जास्त असेल तर प्रमाण कमी राहते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसामाणसांतील या प्रथिनाच्या तफावतीपैकी ९० टक्क्यांहून अधिक तफावत या एकट्या जनुकामुळे असल्याचे दिसले. रक्तातील दुसऱ्या कोणत्याही परिचित प्रथिनाबद्दल इतके ठामपणे असे म्हणता येत नाही.

यातून आपल्या मुलाचे उत्तर सरळ मिळते. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. आपले प्रमाण ९ आहे, म्हणजे आपल्या दोन्ही प्रती कमी प्रमाण देणाऱ्या आहेत. यजमानांचे ९६ आणि मुलाचे १४, याचा अर्थ यजमानांकडे एक प्रत जास्त प्रमाण देणारी आणि एक कमी प्रमाण देणारी असावी, आणि मुलाच्या वाट्याला दुसरी आली. प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही निम्मी-निम्मी शक्यता असते. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडवले जाते. या प्रथिनाचे प्रमाण लहान वयातच ठरते आणि जन्मभर फारसे हलत नाही, त्यामुळे खानावळीच्या जेवणाला दोष देऊ नका. आहाराचा त्यावर जवळजवळ परिणाम होत नाही.

मुलींचे आकडे इतके जवळ आहेत म्हणून त्या एकबीजच, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण येथे जपून चालावे. त्या द्विबीज असत्या तरी दोघींना वडिलांची तीच प्रत मिळण्याची शक्यता निम्मी होती, आणि आपल्या दोन्ही प्रती कमी प्रमाणाच्या असल्याने आपल्याकडून कोणती आली याने फारसा फरक पडला नसता. त्यामुळे हा पुरावा एकबीज असण्याच्या बाजूने झुकतो एवढेच म्हणता येते.

जुनी प्रयोगशाळा:

मास्तर, एक शंका. आमच्या वेळी एखाद्या प्रथिनाची आनुवंशिकता ७० टक्के असे वाचले की लोक समजत, पोरीच्या रक्तातील त्या प्रथिनापैकी ७० टक्के भाग बापाकडून आला आणि उरलेला खाण्यापिण्यातून. मला ते कधीच पटले नाही, पण नीट सांगताही आले नाही.

सानपाड्याचा मास्तर:

आपल्याला पटले नाही ते योग्यच होते. आनुवंशिकतेचा आकडा कोणा एका व्यक्तीबद्दल काहीही सांगत नाही. एखाद्या समाजात, एखाद्या काळात, माणसामाणसांत जी तफावत दिसते तिच्यापैकी किती वाटा जनुकांतील फरकामुळे आहे, एवढेच तो सांगतो. समाज बदलला, राहणीमान बदलले, तर प्रथिन तेच असूनही आकडा बदलू शकतो.

जुळ्यांचा उपयोग हा वाटा काढण्यासाठी होतो, आणि त्यामागची युक्ती मला दरवेळी शिकवताना सुंदर वाटते. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ संपूर्ण सारखी असतात, द्विबीजांची सरासरीने निम्मी. पण दोन्ही प्रकारची जुळी एकाच वेळी, एकाच घरात, एकाच ताटातले जेवून वाढतात. तेव्हा एकबीज जोड्यांतील साम्य द्विबीज जोड्यांपेक्षा जेवढे जास्त, तेवढी जनुकांची करामत अधिक. समजा एखाद्या प्रथिनाबाबत एकबीज जोड्यांचा सहसंबंध, म्हणजे साम्याचे माप (१ म्हणजे संपूर्ण साम्य), ०.८० आला आणि द्विबीजांचा ०.४५. फरक ०.३५, त्याची दुप्पट ०.७०, हा जनुकांचा वाटा. एकबीजांच्या ०.८० मधून हा ०.७० वजा केला की उरलेला ०.१० सामाईक घराचा. आणि एकबीज असूनही जे जुळले नाही ते ०.२०, म्हणजे ज्याचे त्याचे स्वतंत्र अनुभव आणि मोजणीतील चुका मिळून. आपल्या नौपाड्याच्या ताईंच्या घरातील सुजलेली अक्कलदाढ आणि आपण सांगितलेला दंडाचा पट्टा, दोन्ही याच शेवटच्या ०.२० मध्ये बसतात.

निरनिराळ्या प्रथिनांसाठी हे वाटे फार वेगळे निघतात. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीनसाठी जनुकांचा वाटा साधारण पाव ते निम्मा सापडतो. ब्रिटनमधील जुळ्यांच्या २००१च्या अभ्यासात रक्त गोठवणाऱ्या बऱ्याच प्रथिनांसाठी तो ४१ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान होता, त्यांतील ‘तेरावा घटक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनाच्या क्रियाशीलतेसाठी तर ८२ टक्के. पुढे २०१५ साली झुरिकच्या संशोधकांनी ब्रिटिश जुळ्यांचे २३२ नमुने घेऊन एकाच वेळी ३४२ प्रथिने मोजली. त्यांनी त्याच माणसांचे रक्त काही वर्षांच्या अंतराने दोनदा तपासले. त्यामुळे वयानुसार होणारा बदल वेगळा काढता आला, आणि काही प्रथिने जनुकांच्या मुठीत असतात तर काही जवळजवळ मोकळी, हे स्पष्ट दिसले.

जनुकांचा वाटा आहे एवढे जुळे सांगतात, पण कोणते जनुक ते सांगत नाहीत. त्यासाठी हजारो लोकांचे डीएनए आणि प्रथिने एकत्र पाहावी लागतात. आइसलँडमध्ये २०२१ साली ३५,५५९ लोकांत ४,७१९ प्रथिनांवर, तर ब्रिटनमध्ये २०२३ साली ५४,२१९ लोकांत २,९२३ प्रथिनांवर असे काम प्रसिद्ध झाले. कधी प्रथिनाच्या स्वतःच्या जनुकाजवळचा बदल प्रमाण ठरवतो, कधी दुसऱ्याच गुणसूत्रावरचा. येथे प्रयोगशाळेशी संबंधित एक मेख आहे: जनुकातील बदलाने प्रथिनाचा आकार किंचित बदलला तर मोजणीसाठी वापरलेले प्रतिपिंड त्याला नीट चिकटत नाही, आणि प्रमाण तेच असूनही आकडा कमी येतो. हे बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहे. लायपोप्रोटीन-एचे प्रमाण समाजासमाजांत वेगळे असते, म्हणून तिकडचे आकडे ठाण्या-कल्याणच्या घरांना जसेच्या तसे लावू नयेत.

घोडबंदरची आई:

माझा अनुभव येथे जोडते. माझी जुळी म्हणजे एक मुलगा आणि एक मुलगी, अर्थात द्विबीज. मुलीला पाळीत फार रक्तस्राव होई. एका ठिकाणी ‘मुलींना होतेच असे’ म्हणून दोन वर्षे केवळ लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी फॉन विलेब्रांड नावाचे, रक्त गोठण्यास मदत करणारे प्रथिन तपासले. ते तिचे कमी निघाले, भावाचे मात्र व्यवस्थित. मुलगी ओ गटाची आहे आणि मुलगा बी गटाचा. डॉक्टर म्हणाले की गटाचाही यात भाग असू शकतो. जुळ्यांत असे होऊ शकते, यावर घरात कोणाचा विश्वास बसत नव्हता.

सानपाड्याचा मास्तर:

ताई, डॉक्टरांनी सांगितले ते अगदी बरोबर आहे. नॉर्वेतील जुळ्यांच्या १९८५च्या अभ्यासात फॉन विलेब्रांड प्रथिनाच्या तफावतीपैकी सुमारे दोन तृतीयांश जनुकीय निघाली, आणि त्या जनुकीय भागातील जवळजवळ ३० टक्के वाटा एकट्या रक्तगटाच्या जनुकाचा होता. ए आणि बी गटाच्या साखरेच्या कड्या या प्रथिनावरही असतात; ओ गटात त्या नसल्याने प्रथिन रक्तातून लवकर काढून टाकले जाते आणि प्रमाण इतरांपेक्षा सरासरी पाव भागाने कमी राहते. गट नवव्या गुणसूत्रावर ठरतो, प्रथिनाचे स्वतःचे जनुक बाराव्यावर. दूरच्या जनुकाने प्रमाण ठरवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. तरीही केवळ गटामुळे आहे असे समजून थांबू नका. मुलीचा हा रिपोर्ट जपून ठेवा आणि दाढ काढण्यासारख्या लहान शस्त्रक्रियेआधीही तो डॉक्टरांना आवर्जून दाखवा.

नौपाडावासी:

सर्वांचे मनापासून आभार. धाकटी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा दोघींचे रक्त एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत दिले. काकांचे म्हणणे लक्षात ठेवून दोघींना आधी वीस मिनिटे बाकावर शांत बसवले. शेजारी शेजारी बसून दोघींनी एकदमच हात पुढे केले, तेव्हा नमुना घेणाऱ्या मुलीने नळ्यांवरील नावे दोनदा वाचून घेतली. लायपोप्रोटीन-ए थोरलीचे ८७ आणि धाकटीचे ९०, या वेळी दोन्ही मिलिग्रॅममध्ये. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन ०.७ आणि ०.९.

डॉक्टरांनी दोघींना आत्ताच कोणतेही औषध दिलेले नाही. हे प्रथिन नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी उतरत नाही, त्यामुळे जे आपल्या हातात आहे, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, वजन आणि तंबाखूपासून दूर राहणे, त्यावर आतापासून लक्ष ठेवायचे, आणि पुढे बाळंतपण किंवा कोणतेही दुखणे असो, हा आकडा प्रत्येक डॉक्टरांना सांगायचा, असे ठरले आहे. मी दोघींच्या पाकिटात तो कागदावर लिहून दिला आहे, एककासह. मुली एकबीज आहेत की नाहीत याची डीएनए तपासणी आम्ही करणार नाही, कारण दोघींचीही तशी इच्छा नाही.

यजमानांच्या सख्ख्या भावंडांनाही ही प्रत मिळालेली असण्याचा चांगलाच संभव आहे, असे मास्तरांच्या लिहिण्यावरून लक्षात आले. डोंबिवलीच्या दिरांनी या रविवारी रक्त देण्याचे कबूल केले आहे. ऐरोलीच्या नणंदबाईंना अजून भीती वाटते, म्हणून शनिवारी मी स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे आणि येथील ही सर्व उत्तरे त्यांना वाचून दाखवणार आहे.